झाडबेडकांना डब्यात कोंडू नका, अंगणात विऊ द्या

अंबाजोगाईकरांनो, विशेषतः घरात शाळकरी मुले असलेल्या आईबापांनो, पावसाळ्याच्या तोंडावर एक कळकळीची विनंती आहे.

पाऊस लागला की न्हाणीत, पाइपामागे, कुंडीच्या काठाला एक तपकिरी बेडूक चिकटून बसलेला दिसतो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, मांड्यांच्या मागे पिवळे ठिपके. हा आपला झाडबेडूक. मुले हौसेने त्याला फिशटँकमध्ये ठेवतात, जोडीला दुसरा आणतात आणि पिल्लांची वाट बघतात. बहुतेक वेळा पिल्ले होत नाहीत, बेडूक मात्र हकनाक मरतात.

पहिली अडचण जोडीचीच. लहान बेडकात नर कोण, मादी कोण हे वरून कळत नाही. वाढ पुरी झाली की मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी दिसते. विणीच्या दिवसांत नराच्या हाताच्या पहिल्या बोटाशी खरखरीत गादी येते, आणि रात्री गळा फुगवून ओरडतो तो नरच. पण गप्प बसलेला बेडूक मादीच असेल असे समजू नका. नरही गप्प बसतात.

दुसरी अडचण पावसाची. ओल, पाऊस आणि पाण्यावर झुकलेली फांदी किंवा टाकीची भिंत मिळाली तरच जोडी विणीला लागते. नर मादीच्या पाठीवर बसून तिच्या काखेत मिठी घालतो. मादी अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळते; ताकावर यावा तसा पांढरा फेस तयार होतो. अंडी त्यातच असतात. फेस वरून सुकतो, आत ओला राहतो. काही दिवसांनी बेडूकमासे त्यातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. टाकीच्या कडेला असा गोळा दिसला तर घाण समजून घासून टाकू नका.

आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, आणि डेंग्यूचीही भीती खरी आहे. म्हणून पिण्या-वापरण्याच्या टाक्या घट्ट झाका, कोरडा दिवस पाळा. बेडकांसाठी झाडाखाली सावलीत वेगळा पसरट टब ठेवा. त्यात पावसाचे पाणी भरा. नळाचे असेल तर उघड्यावर दिवसभर ठेवून मग ओता, कारण क्लोरीन बेडूकमाशांना सोसत नाही. गप्पी मासे त्यात सोडू नका, ते बारीक बेडूकमासे खातात. आठवड्यातून दोनदा चहाच्या जुन्या गाळणीने डासांच्या अळ्या काढा. वळवळत वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लटकते ती अळी. गोल अंगाचा, लांब शेपटीचा तो बेडूकमासा. पाय फुटलेल्या पिलांना बाहेर येता यावे म्हणून तिरका दगड ठेवा, नाहीतर ती बुडून मरतात. बेडकांना उगाच हाताळू नका. त्यांची कातडी पाणी शोषते, हातावरचा साबण किंवा औषध तिच्यातून अंगात जाते.

परदेशी रंगीत झाडबेडूक ऑनलाइन मागवण्याचा मोहही टाळा. लाल डोळ्यांचा झाडबेडूक २०१० पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले प्राणी पाळणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते, पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. त्याहून मोठा धोका रोगाचा आहे. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात ५०० हून अधिक उभयचर जातींची संख्या घटवली, असे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले. बेडकांच्या व्यापारातून ही बुरशी देशोदेशी पसरली आहे. पाळून कंटाळा आला म्हणून असा बेडूक बाहेर सोडला, तर तो रोग आपल्या ओढ्याविहिरींत शिरू शकतो.

तेव्हा येत्या पावसाळ्यात एक टब मांडा आणि मुलांच्या हाती वही द्या. फेस कधी दिसला, बेडूकमासे कधी पडले, पाय कधी फुटले हे त्यांना तारखेनिशी लिहू द्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी या नोंदी वर्गात वाचून घ्याव्यात. बेडकांची वीण मुलांना डोळ्यांनी बघता येईल, आणि त्यासाठी एकाही बेडकाला कोंडावे लागणार नाही.