‘बऱ्या पोराक औषद कित्याक?’

आचऱ्यातल्या एका माहेरवाशिणीची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण, बाळ दीड महिन्याचं. लसीकरणाला या म्हणून आशाताई सांगून गेल्या, पण आजीने उंबऱ्यातच अडवलं, ‘बऱ्या पोराक औषद कित्याक?’ त्यात मुंबईहून नवऱ्याचा फोन. या लसीने आतडं अडकतं, असं म्हणे कुणीतरी त्याला पाठवलेलं. झालं, बाळ घरीच राहिलं.

मैत्रिणींनो, या भीतीला हसू नका. १९९८ साली अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आली. ती दिलेल्या साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्यात आतडं शिरल्याचं दिसलं आणि १९९९मध्ये ती बंदच झाली. म्हणजे आजीच्या धास्तीला अगदीच आधार नाही, असं नाही.

पण आपल्याकडच्या लसी त्या नव्हेत. रोटाव्हॅक ही दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडलेल्या सौम्य विषाणूपासून बनली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूत मिळून सुमारे ६,८०० बाळांवर तिची चाचणी झाली. दुसरी, रोटासिल, पुण्याच्या सीरमची. रोटाव्हॅक सरकारी कार्यक्रमात आल्यावर आतडं अडकण्याचं प्रमाण वाढलं का, हे देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून मुद्दाम तपासलं गेलं. २०२०मध्ये निष्कर्ष आला, वाढ दिसली नाही. तरीही बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त-शेम पडली, तर लस घेतलेली असो-नसो, तडक दवाखाना गाठायचा. हे लस देतानाच आईला नीट सांगायला हवं. नुसतं ‘काही होत नाही हो’ म्हटल्याने भीती जात नाही, उलट वाढते.

आणखी एक तक्रार ऐकू येते, ‘लस पाजली, तरी जुलाब झालेच!’ होणारच. जुलाबाची कारणं अनेक. ही लस फक्त रोटाव्हायरससाठी, आणि चाचणीत तिने त्याच्या गंभीर आजारातले निम्म्याहून थोडे जास्त टाळले. पण बाळ सुकून सलाईनवर जातं ते याच गंभीर जुलाबांत. दात येतायत म्हणून ते अंगावर काढू नयेत. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, लस घेतली तरी हे हवंच.

महाराष्ट्रात २०१९पासून ही लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. (फुकट म्हणून ती हलकी, हा आपला एक आवडता गैरसमज!) दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, तोंडावाटे, सुई नाही. खरा घोळ होतो तिसऱ्या डोसाला. तोवर लेक सासरी किंवा मुंबईला गेलेली असते आणि कार्ड राहतं माहेरच्या कपाटात. गावपळणीला वेशीबाहेर जाताना आपण कोंबड्यासुद्धा विसरत नाही, मग कार्डच कसं राहतं?

त्या बाळाची वेळ अजून गेलेली नाही. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो. जाताना आजीलाही बरोबर घ्या आणि तिचा प्रश्न तिलाच विचारू द्या.