लसीकरणानंतरच्या गंभीर इजेबद्दल कायदेशीर नुकसानभरपाई मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
द्वारा : मा. तहसीलदार, देवळा

दिनांक : 1 मार्च 2023

महोदय,

लसीकरणाला आमचा विरोध नाही. पोलिओ देशातून गेला तो लसीमुळेच. उमराणे असो, लोहोणेर असो वा खर्डे, आशाताई दारोदार निरोप देतात आणि आम्ही विश्वासाने लेकरांना घेऊन जातो. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवतात, तापाची गोळी देतात. पण क्वचित एखाद्याची प्रकृती गंभीर बिघडलीच, तर अर्ज कोणाकडे करायचा आणि खर्च कोणी सोसायचा, हे कोणीच सांगत नाही.

नाशिक जिल्ह्यातील दंत महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका तरुण डॉक्टरने 28 जानेवारी 2021 रोजी कोविड लस घेतली. 1 मार्चला तिचे निधन झाले. मृत्यू लसीच्या दुष्परिणामाने झाला, असे सांगत तिच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात 1000 कोटी रुपयांच्या भरपाईसाठी याचिका केली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे, अशी भूमिका मांडली.

दिवाणी न्यायालयात चूक कोणाची, हे सिद्ध करावे लागते. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात 12 बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. ती चूक उघड होती. पण लस शुद्ध, परिचारिका निष्णात आणि तरीही इजा झाली, तर कांदा विकून वकील लावणाऱ्या शेतकऱ्याने दोष कोणावर शाबीत करायचा? ब्रिटनने 1979 मध्ये आणि अमेरिकेने 1986 मध्ये अशा इजेसाठी, दोष सिद्ध न करता भरपाई देणारे कायदे केले. आपल्याकडेही औषध चाचणीत इजा झाल्यास 2019 च्या नियमांनुसार भरपाई मिळते. लसीचा लाभ सर्वांना होतो. मग तिची झळ एकट्या कुटुंबाने सोसू नये.

आमच्या मागण्या :

1. दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या केंद्रीय कायद्याची शिफारस राज्य शासनाने करावी, असा प्रस्ताव आपण पाठवावा.
2. तोपर्यंत उपचारखर्च शासनाने उचलावा.
3. अशा इजेच्या चौकशीचा अहवाल कुटुंबाला मराठीत, ठरावीक मुदतीत मिळावा.
4. तक्रार कोठे करावी, याचा फलक प्रत्येक आरोग्य केंद्रात लावावा. अर्जाची पोच द्यावी.
5. दुष्परिणामाची प्रामाणिक नोंद करणाऱ्या आशाताई व परिचारिकांना कारवाईपासून संरक्षण मिळावे.

या मागण्यांवर झालेली कार्यवाही आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
देवळा तालुक्यातील पालक व नागरिक

प्रत माहितीस्तव : जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक