दोन माइक, एक गळा

घरीच गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी गायकाला वाटते, एकाऐवजी दोन माइक लावले की आवाज भरदार होईल. होते उलटेच! दुसरा माइक १७ सेंटिमीटर मागे असला, तर आवाज तिथे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही मुद्रणे सारख्याच पातळीवर मिसळली की १००० हर्ट्झच्या आसपासची कंपने एकमेकांना खोडून काढतात आणि गळा पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो.

१९७७ साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत 'हीरोज'साठी डेव्हिड बोवीपुढे तीन माइक होते खरे. पण शेवटचा सुमारे ५० फुटांवर, आणि तो बोवी टिपेला गेल्यावरच उघडे. दहा बाय दहाच्या खोलीत एकच माइक लावावा. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी टांगावी.