बुरण्या ऐकत नाही

"हुशार आहे हो, पण ऐकत नाही." हे वाक्य मी आयुष्यात दोघांबद्दलच ऐकलंय. बारावीच्या वर्षी माझ्याबद्दल आणि आता आमच्या कुत्र्याबद्दल. माझं काय व्हायचं ते झालं, इंजिनिअर झालो. कुत्र्याची केस जरा गुंतागुंतीची आहे.

नाव ब्रुनो. जात लॅब्रॅडॉर, वय तीन, वजन चौतीस किलो, शिक्षण शून्य. मूळ मालक माझा मामेभाऊ. तो परदेशी गेला आणि कुत्रा रत्नागिरीत आमच्या नाचणे रोडच्या फ्लॅटवर आला. मी वर्क फ्रॉम होमवाला, त्यामुळे 'तू घरीच असतोस की' या न्यायाने मालकी माझ्याकडे. आई त्याला बुरण्या म्हणते, आणि तो त्याच नावाला ओ देतो. देतो म्हणजे, मूड असला तर.

कर्तबगारी थोडक्यात सांगतो. फिरायला नेलं की खांदा निखळेपर्यंत ओढणे. आल्यागेल्याच्या छातीवर पुढचे पाय टेकून स्वागत करणे. शेजारच्या काकूंनी गच्चीत वाळत घातलेली सुकट फस्त करणे. आणि मे महिन्यात अढीतला हापूस हुंगून काढून कोयीसकट गिळणे. या शेवटच्या आयटमला हसू नका. कोय आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागतं. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा म्हणाले, "देऊन टाकूया याला कोणालातरी."

मग सल्ले सुरू झाले. सल्लागारांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ 'मालक कोण ते दाखवून दे'वाला. एका ट्रेनरने मला फोनवर पूर्ण पॅकेज समजावलं: कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक अल्फा असतो, तो तू व्हायचं. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, ऐकलं नाही तर मान धरून जमिनीवर दाबायचं. मी विचारलं, याला आधार काय? "सायन्स आहे सर."

सायन्स आहे, पण जुन्या व्हर्जनचं! रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ साली बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर एक निबंध लिहिला. पिंजऱ्यात कोंडलेले लांडगे, साहजिकच मारामाऱ्या. (म्हणजे हॉस्टेलच्या मेसमधली रांग बघून मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहिण्यासारखं.) डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या लांडग्यांवरच्या पुस्तकात तीच कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप वर्षानुवर्षं उन्हाळ्यात जवळून पाहिला. दिसलं काय, तर कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. १९९९ साली त्यांनी हे लिहून छापलं, आणि स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. लेखकाने स्वतः मागे घेतलेली गोष्ट आपल्याकडे अजून दर तासाला पैसे घेऊन विकली जाते, याचा मला मनापासून राग आहे. कारण मान दाबलेला कुत्रा शहाणा होत नाही, घाबरतो. आणि चौतीस किलोचा घाबरलेला कुत्रा एक दिवस चावतो.

दुसरा पंथ 'गावाला देऊन टाक'वाला. वाडीत मोकळा राहील, वानरं हाकलेल, चार घास खाईल. ऐकायला छान. पण रात्री बिबट्या येतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. तिकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तर खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावाला दिलेला बुरण्या एकतर आयुष्यभर साखळीला, नाहीतर... असो.

आणि नुसतं कुठेतरी 'सोडून देणं' हा तर गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये! आजही! पन्नास रुपयांत बुरण्याचा एक दिवसाचा खुराक येत नाही. पण त्याच कलमात एक वाक्य मला फार आवडलं: सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरताच. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कोणीतरी हे सुचून लिहिलंय. आपण मात्र बाल्कनीत बांधतो आणि वर म्हणतो, भुंकतो फार.

माझं म्हणणं असं की 'ऐकत नाही' म्हणण्याआधी हा प्राणी कशासाठी घडवला गेला ते वाचावं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारून जाळ्यातून निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे, हे त्यांचं काम. त्या खानदानाचा वारस दुसऱ्या मजल्यावर ठेवायचा, शेजारी सुकट वाळत घालायची आणि त्याने शांत बसावं अशी अपेक्षा करायची!

भुकेचंही तसंच. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना तपासलेल्या घरगुती लॅब्रॅडॉरपैकी साधारण चारांत एकाच्या पीओएमसी नावाच्या जीनमध्ये एक छोटा तुकडा गायब आढळला. असे कुत्रे जास्त हावरट, वजनानेही जास्त. खरी गंमत पुढे आहे. अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हेच प्रमाण चारांत तीन होतं! संशोधकांचा अंदाज असा की खाऊसाठी काहीही करणारा कुत्रा लवकर शिकतो, म्हणून तोच निवडला जातो. म्हणजे ज्या हावरटपणाने काकूंची सुकट गेली, तोच त्याला शिकवायचा हँडल आहे.

बुरण्यात तो जीन आहे की नाही देव जाणे, पण हँडल चालतो. खिशात चपातीचे तुकडे. दोरी सैल असेल तेवढंच चालायचं, ताणली की मी खांबासारखा उभा. पहिल्या आठवड्यात घर ते कोपरा हे अंतर पंचवीस मिनिटांचं झालं. रिक्षावाले थांबून विचारायचे, "काय ओ, गाडी बंद पडली?" कुत्रा सांभाळणं कठीण नाही, लोकांसमोर सांभाळणं कठीण आहे. आपण पट्टा हिसडतो तो निम्म्या वेळा बघणाऱ्यांसाठी.

पावसाळ्यात परीक्षा. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत दोन-दोन दिवस बाहेर पडायची सोय नाही. मग जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवायचा आणि त्याला हुंगू द्यायचं. वीस मिनिटं नाक चालवलं की तासभर फिरल्यासारखा झोपतो. माझी स्टँड-अप मीटिंग तेवढ्यात उरकते.

सोसायटीत अर्ज गेला होताच. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तो कागद माझ्याकडे आहे, पण मी काढला नाही. कागदाने काकूंची सुकट परत येत नाही. जिन्याला खालीवर दारं लावली, सुकट भरून दिली, आणि फिरायची वेळ काकूंच्या नातवाची शाळा सुटायच्या आधीची ठरवली.

आता आंबे माळ्यावर पिकतात. माणसं आली की तो चारपैकी तीन वेळा बसतो. चौथ्या वेळी कोण येतं त्याच्या नशिबावर आहे. बाबा 'देऊन टाकूया' म्हणत नाहीत, सकाळचं फिरवणं त्यांनी न विचारता स्वतःकडे घेतलंय. भाट्याच्या समुद्रावर त्याला लांब दोरीने सोडतो. मिरकरवाडा बंदरावर मात्र अजून नेलेलं नाही. तिथे होड्या लागल्यावर टोपल्या उतरत असतात, आणि चपातीवर माझा एवढा विश्वास नाही.