हसत दिलेली शिवी



शिव्यांच्या दोन जाती आहेत. एक रागाच्या भरात दिली जाते. आपल्या तोंडून वाईट शब्द गेला हे ती देणाऱ्यासही कळते, आणि राग ओसरल्यावर त्याला थोडीफार लाज वाटते. दुसरी हसत हसत दिली जाते. तीत राग नसतो, म्हणून ती देणाऱ्याला शिवी वाटतच नाही; ऐकणारेही हसतात आणि विसरून जातात. आज आम्ही या दुसऱ्या जातीविषयी लिहीत आहोत. विषय चारचौघांत काढावयास संकोच वाटावा असा आहे खरा; परंतु जे शब्द आमच्या मुलांच्या तोंडी बिनदिक्कत येतात, त्यांच्याविषयी बोलावयास आईबापांनी तरी का लाजावे?

कोणत्याही गावच्या मैदानावर संध्याकाळी घटकाभर उभे राहावे. झेल सुटला की मुलगा ‘बायल्या’ ठरतो. विहिरीत उडी घ्यावयास जो कचरतो तोही ‘बायल्या’. ज्याचा आवाज बारीक, चाल मऊ, ज्याला भांडणापेक्षा गाण्याची ओढ अधिक, त्याच्याकडे पाहून टाळी वाजविली जाते आणि ‘छक्का’ असा पुकारा होतो. त्याच मैदानावर चेंडू सीमेपार गेला म्हणजे हाच शब्द कौतुकाचा होतो! इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतील मुलांच्या कानी शेजारच्या हिंदीतून ‘मीठा’ हा शब्द पडतो. कॉलेजात जाऊ लागलेली मुले ‘गे’ आणि ‘होमो’ हे इंग्रजी शब्द घेऊन सुटीला घरी येतात. मित्राने गुलाबी सदरा घातला, कोणी सिनेमा पाहताना डोळे पुसले, की हे शब्द तयारच. प्रौढ माणसेही मागे नाहीत. तंटा सामोपचाराने मिटवू पाहणाऱ्या शेजाऱ्याला ‘बांगड्या भर’ असे सांगणारे आणि निवडणुकीत कच खाणाऱ्या उमेदवाराला ‘हिजडा’ म्हणून मोकळे होणारे आमच्याच पारावर बसलेले असतात.

या शब्दांत किती गोष्टींची गल्लत झाली आहे ते पाहा. ज्या पुरुषाला पुरुषाची किंवा स्त्रीला स्त्रीची ओढ वाटते, ते समलिंगी. जन्मवेळी ज्याची नोंद मुलगा म्हणून झाली परंतु जो मनाने स्वतःस पुरुष मानीत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्यास मराठीत आदराने तृतीयपंथी म्हणतात. आणि ज्याचा स्वभाव केवळ मवाळ आहे, असा मुलगा या दोहोंपैकी कोणीही नसेल. शिवी या तिघांना एकाच दोरीने बांधते. शिवाय ‘बायल्या’ या शब्दाचा अर्थ तरी काय? बाईसारखा, एवढाच. म्हणजे बाईसारखे असणे हीच नामुष्की! जिने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, जिने वाडीतली माती उपसून मुले वाढविली, तिच्याच पोटचा मुलगा तिच्या जातीचे नाव शिवी म्हणून वापरतो, आणि ती चुलीपाशी ऐकत असते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, “आम्ही थट्टेने म्हणतो, ज्याला म्हणतो तो तसा नसतोच, मग कोणाला लागले?” हे उत्तर अर्धेच खरे आहे. ज्याला उद्देशून शब्द टाकला त्याला कदाचित लागत नाही. तो दोन शिव्या परत देतो आणि खेळ पुढे चालू होतो. परंतु त्याच घोळक्यात आणखी एक मुलगा उभा असतो. आपण इतरांसारखे नाही हे त्याला वर्षा-दोन वर्षांपूर्वी उमगलेले असते. त्याने ते कोणास सांगितलेले नसते. तो सर्वांहून मोठ्याने हसतो, कारण न हसल्यास संशय येईल. घरी येतो तो जेवताना वडील दूरदर्शनवरील एखाद्या नटाला तोच शब्द लावतात, आणि ताटावर बसलेले सारे हसतात. त्याला कोणीच काही बोललेले नसते. तरी त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात घेतलेली असते: काहीही झाले तरी हे या घरात सांगावयाचे नाही. समलिंगी मुलीचेही असेच. फरक इतकाच की तिच्या मौनाला घरचे लोक सद्गुण समजतात.

पुढे हा मुलगा नोकरीसाठी शहरी जातो. तेथे कोणी त्याचे गुपित हेरून पैशांसाठी धमकावू लागतो, किंवा एकटेपणाने त्याचे मन खचते. अशा वेळी ज्या दारावर त्याने थाप मारावयाची, ते दार आम्हीच आमच्या हसण्याने लावून घेतलेले असते. आईबापांस सर्वांत शेवटी कळते, आणि कधी कधी फार उशिरा कळते. हसत दिलेल्या शिवीची खरी किंमत ही आहे.

काही वाचक म्हणतील, “आपल्या धर्माची शिकवण तर या बाबतीत कडक आहे.” होय, आणि ख्रिस्तसभेने ती लपविलेली नाही. परंतु ती शिकवण पुरी वाचावी. ज्या धर्मशिक्षणग्रंथात ही शिकवण आहे, त्या १९९२ सालच्या ग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असे बजाविले आहे. त्याआधी १ ऑक्टोबर १९८६ रोजी रोमच्या श्रद्धाविषयक धर्मपीठाने महागुरुस्वामींना जे पत्र धाडले, तेही नैतिक बाबतीत मुळीच सौम्य नव्हते. तरी त्यात समलिंगी व्यक्तींवर कृतीने तसेच शब्दाने होणाऱ्या हल्ल्यांचा निषेध आहे. तेव्हा अत्यंत कर्मठ वाचकासही या शिवीसाठी धर्माचा आधार मिळावयाचा नाही. डोंगरावरील प्रवचनात खून करू नको या आज्ञेलगतच प्रभूने भावास तुच्छतेने हाक मारणाऱ्यास ताकीद दिली आहे, हेही आम्ही विसरू नये.

जिभेची सवय किती चिवट असते याचे एक उदाहरण थेट रोममधलेच आहे. २०१३ साली रिओहून परतताना विमानात समलिंगी व्यक्तींविषयी, न्याय करणारा मी कोण, अशा आशयाचे उद्गार काढणारे पोप फ्रान्सिस, मे २०२४ मध्ये इटलीच्या महागुरुस्वामींच्या बंद दाराआडील बैठकीत त्याच लोकांविषयी इटालियन भाषेतला एक हलका शब्द बोलून गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. २८ मे रोजी व्हॅटिकनने जाहीर केले की कोणास दुखविण्याचा त्यांचा हेतू नव्हता आणि ज्यांना शब्द लागला त्यांची ते क्षमा मागतात. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. ‘थट्टाच होती’ असे न म्हणता त्यांनी क्षमा मागितली, हे आम्हांस मोलाचे वाटते. परमगुरुस्वामींना जे कमीपणाचे वाटले नाही, ते गावच्या पुढाऱ्याला किंवा घरच्या कर्त्या पुरुषाला का वाटावे?

जगही बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून वगळली. १८६० सालच्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अवैध ठरविले. तृतीयपंथीयांचे नागरिक म्हणून हक्क त्याच न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केले होते. आणि पालकांनी मुलांस मुद्दाम सांगावे असे हे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे हे रॅगिंगच्या व्याख्येत येते. वसतिगृहात टाळी वाजवून केलेल्या ‘थट्टे’पायी शिक्षण गमावण्याची पाळी येऊ शकते.

तेव्हा घरोघरी काय करावे? मुलाच्या तोंडून असा शब्द ऐकला तर लगेच हात उगारू नये. त्याला जवळ बसवून शब्दाचा अर्थ विचारावा. बहुतेकदा त्याला तो ठाऊक नसतो. अर्थ समजावून सांगावा, आणि ‘आपल्या घरात हा शब्द कोणासाठीही वापरावयाचा नाही’ एवढे शांतपणे सांगावे. गावात पाहुणे वा मित्र असे काही बोलले, तर वडिलांनी निदान हसू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिक्षकांनी मवाळ मुलाची बाजू एकदा तरी उघडपणे घ्यावी.

घरातील कोणत्या मुलाने हे बोलणे मनावर घेतले, ते आपणांस त्या दिवशी कळणार नाही. परंतु पुढे कधी तरी मोठ्या संकटात तो गावची गाडी पकडून घरी आला, आणि ओसरीवर बसून “बाबा, थोडे बोलायचे आहे,” असे म्हणाला, तर त्या दिवशी न हसल्याचे चीज झाले असे समजावे.