वेळेवरचा पहिला बोजा

बँकेत छत्तीस वर्षे काढली की माणसाला एक खोड जडते. नोंद झाल्याशिवाय एखादी गोष्ट घडली, असे त्याला वाटतच नाही. २०२१ साली मी निवृत्त झालो, कादंबरीचे बाड घेऊन बसलो, पण खोड काही गेली नाही. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही नवराबायकोने गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचे ठरवले, तेव्हा मी सर्वांत आधी बाजारात जाऊन एक लांब वही आणली. डावे पान माझे, उजवे पान हिचे. तारीख, प्रकार, अंतर, वेळ आणि शेरा असे रकाने आखले. आज सांगायचे आहे ते या वहीविषयी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ओल्या अंगाने सायकलवर बसून ९० किलोमीटर जायचे आणि उतरल्यावर २१.१ किलोमीटर धावायचे. हे सारे साडेआठ तासांच्या आत. याला म्हणतात अर्धे अंतर. पूर्ण अंतर याच्या दुप्पट आणि त्याला मुदत सतरा तासांची. नाव आयर्नमन, म्हणजे लोहपुरुष. नावातल्या पुरुषाकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते.

मी त्रेसष्ट वर्षांचा, ही साठची. आमच्या कोल्हापुरात अंगमेहनतीचे कुणाला वावडे नाही. त्यामुळे पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलेल्या म्हाताऱ्याकडे लोक कौतुकाने बघत. हिच्याकडे बघत, पण नजर वेगळी असे.

सायकल माझी, पोहणे हिचे. हिचे माहेर कराडजवळचे. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवले होते. तेराव्या वर्षी 'आता मोठी झालीस' म्हणून विहीर बंद झाली. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी ही पाण्यात उतरली. मी तलावाचा काठ धरून धापा टाकत होतो आणि ही पार पलीकडच्या टोकाला पोचली होती. परत आली तेव्हा एवढेच म्हणाली, ''अहो, हात विसरले नव्हते.''

मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने दोन्ही पाने बरोबरीने भरत गेली. जूनमध्ये माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. वय सत्त्याऐंशी. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आई अंथरुणाला खिळून घरी आली.

त्यानंतर काय झाले ते मला ऑगस्टमध्ये कळले. म्हणजे घडत होते डोळ्यांसमोरच, पण कळले तेव्हा. बेरजा मारायला वही उघडली. डावे पान गच्च भरलेले. 'पन्हाळा, जाऊन-येऊन, पावसात, उत्तम.' त्याच तारखेला उजव्या पानावर हिच्या अक्षरात, 'आईंचा एक्स-रे.' डावीकडे 'तलाव, चाळीस मिनिटे'. उजवीकडे 'रात्री जागरण.' पुढे 'पाहुणे', 'गॅस', 'आईंना ताप.' जुलैत तर नुसत्या रेघा. आणि त्या रेघांखाली, लाल शाईने, माझ्या हातचा शेरा होता: 'नियमितता हवी.'

बँकेत शाखांची तपासणी करताना असे शेरे मी पुष्कळ मारले. मारताना समोरच्या माणसाच्या घरी काय चालले आहे, हे विचारायची रीत नसते. पण हे घर तर माझेच होते, आणि अंथरुणावर होती तीही माझीच आई.

लक्षात घ्या, हिने थांबावे असे कोणी म्हटले नव्हते. मी नाही, आईने तर नाहीच. घरात चर्चा झाली नाही की ठराव झाला नाही. पाणी उताराकडे जावे तसे काम तिच्याकडे गेले. मुलगी फोनवर म्हणाली, ''बाबांचा सराव चुकवू नका हं.'' आईच्या सरावाबद्दल तीही बोलली नाही. भेटायला आलेले नातेवाईक माझ्या सायकलीला साधना म्हणत आणि हिच्या पोहण्याला हौस. साधनेत खंड पडू द्यायचा नसतो. हौस काय, सवडीने करावी.

जमिनीवर कर्ज दिले की सातबारावर बोजा चढतो, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. ज्याचा पहिला बोजा त्याचे देणे आधी भागते, उरले तर दुसऱ्याचे. माझ्या वेळेवर पहिला बोजा माझाच होता. हिच्या वेळेवर आधी सासूचा, मग नवऱ्याचा, मुलांचा, नातवंडांचा, आल्यागेल्याचा. स्वतःच्या वेळेची ती शेवटची धनको. माझ्या सात बदल्यांपायी हिने दोनदा शाळेतली नोकरी सोडली, तेही याच हिशेबात. फक्त तेव्हा वही नव्हती.

गंमत अशी की हा खेळ मुळात एका जोडप्याच्या डोक्यातून निघाला. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी. १९७४ साली सॅन दिएगोला अशाच एका छोट्या स्पर्धेत दोघांनी भाग घेतला होता. पुढे हवाईत दोघांनी मिळून ही लांब पल्ल्याची स्पर्धा योजली. १९७८ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा पंधराजण उतरले आणि बाराजणांनी ती पुरी केली. पंधराही पुरुष. जॉन त्यांत होते, ज्युडी नव्हत्या. दुसऱ्याच वर्षी लिन लमेअर नावाची एकच बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. प्रश्न ताकदीचा नव्हता, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

या खेळात एक नियम आहे. सायकल चालवताना पुढच्यापासून बारा मीटर अंतर राखायचे. कारण पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहिले की वारा त्याला लागतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. पंचांनी पाहिले तर दंड. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो सायकलीपुरताच समजलो. वहीतली ती पाने पाहिल्यावर उमगले की छत्तीस वर्षांच्या संसारात मी हिच्या पाठीशीच सायकल चालवत आलो आहे, आणि दंड कधी झाला नाही.

काही वाचक म्हणतील, घर म्हणजे काय बँक आहे? प्रेमाच्या माणसांत हिशेब कसला? माझे म्हणणे असे, की हिशेब प्रत्येक घरात असतोच, तो लिहिलेला नसतो एवढेच. ज्याची उचल जास्त, त्यालाच वही नकोशी असते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मग काय केले? मंगळवार, गुरुवार आणि रविवारची सकाळ हिची ठरली. तिकडे आईचे सारे मी बघू लागलो. पेज जमली, औषधे जमली. अंग पुसायची वेळ आली की आई तोंड फिरवायची. ''तू नको. तिला बोलव.'' तिची लाज खरी होती आणि ती मोडायचा मला अधिकार नव्हता. शेवटी सकाळपुरत्या एक बाई ठेवल्या. नव्या सायकलीसाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. ज्या घरात तेवढे पैसे नाहीत तिथे काय, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आणि आमच्याकडे येण्यासाठी त्या बाई पहाटे कुणाला मागे ठेवून निघत, हेही मी फार उशिरा विचारले. त्यांची सासू अंथरुणाला होती.

जोडीने सराव करणाऱ्यांची छायाचित्रे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. एकाच रस्त्याने शेजारी शेजारी धावणे सोपे आहे. एकाने घरी थांबून दुसऱ्याला बाहेर सोडणे, आणि थांबण्याची पाळी दोघांवर सारखी येणे, यालाच मी आता सोबत म्हणतो. तरुण मंडळींना एवढेच सांगेन, की वही पहिल्या दिवशी आणा आणि लाल शाई घरात ठेवू नका.

ऑक्टोबरात गोव्याला गेलो. मिरामारच्या समुद्रातून ही माझ्या आधी बाहेर आली. सायकलवर मी तिला गाठले, पण धावताना माझ्या पोटऱ्या धरल्या आणि माझी मुदत चुकली. तिने आठ तास एकवीस मिनिटांत स्पर्धा पुरी केली. डाव्या पानावर मी लिहिले, 'अपूर्ण.'

घरी आल्यावर ही पदक घेऊन आईच्या खाटेशी बसली. आईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि हळूच विचारले, ''पाणी गार होतं का गं?''

ही सांगत बसली. चहा करायला मी उठलो.