पूजा आधी, पण कशाच्या आधी?

13 जुलै 2023 रोजी इस्रोचे काही शास्त्रज्ञ चांद्रयान-3ची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला वेंकटेश्वराच्या दर्शनाला गेले. दुसऱ्या दिवशी श्रीहरिकोटाहून यान उडाले. विज्ञानाने देवापुढे हात का जोडावेत, म्हणून टीका झाली. पुढे 23 ऑगस्टला यानाचा विक्रम लँडर चंद्रावर अलगद उतरला आणि चेव आला तो दुसऱ्या बाजूला. पाहिलंत, देव पावला!

2019 साल मात्र दोघेही विसरले. चांद्रयान-2 उडण्यापूर्वी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन हेही तिरुमलाला जाऊन आले होते. देव तोच, नमस्कार तोच, तरी 7 सप्टेंबरच्या पहाटे विक्रम चंद्रावर आदळला. त्यानंतरच्या चार वर्षांत बदलले ते वेगळेच. उतरायला आधी अर्धा किलोमीटर लांब-रुंद जागा धरली होती, ती चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. पाय भक्कम केले, इंधन वाढवले, पाच इंजिनांची चार केली, वेग मोजायला लेसरचे उपकरण बसवले. यशाचे श्रेय पूजेला देणाऱ्याने 2019चे खापरही तिच्याच माथी फोडायला हवे. तशी तयारी कुणाची दिसत नाही.

हा वाद इस्रोहून फार जुना. अन्नंभट्टाने आपल्याच तर्कसंग्रह या न्यायग्रंथावर लिहिलेल्या दीपिका या टीकेत पूर्वपक्ष मांडला आहे: मंगलाचरण करूनही काही ग्रंथ अपुरे राहतात आणि न करताही काही तडीस जातात, मग मंगल हे समाप्तीचे कारण कसे? शंका रास्त आहे. बाणभट्टाच्या कादंबरीला मंगलश्लोक आहेत, तरी ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. उरलेली मुलाने लिहिली. अन्नंभट्टाचे उत्तर असे की, अपुऱ्या ग्रंथांना विघ्नेच फार होती आणि पुऱ्या झालेल्यांचे मंगल ग्रंथाबाहेर झाले होते. हे वकिली उत्तर झाले. काहीही घडले तरी सिद्धान्त शाबूत! तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच तर्काला अशी बगल मिळावी, ही गंमतच.

पण खिल्ली उडवणाऱ्यांचाही एक घोटाळा होतो. ‘आधी पूजा’ म्हणजे ‘तयारीऐवजी पूजा’ असे ते धरून चालतात. परंपरेतला क्रम तसा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे, खांब, भिंती येतात. रंगदैवतांची पूजा तिसऱ्यात. रामदासांनी दासबोधाचा पहिला समास ग्रंथात काय आहे हे सांगण्यात खर्च केला, गणेशस्तवन दुसऱ्यात ठेवले आणि पुढे श्रोत्यांना, कवींना, सभेलाही नमन केले. म्हणजे जुळवाजुळव झाल्यावरची आणि पडदा वर जाण्याआधीची ती घटका. ज्यांच्या जोरावर आपण उभे आहोत त्यांची आठवण करायची. भूमिपूजनाचा नारळ वाढवून, कोनशिलेवर नाव कोरून, पुढे पाच वर्षे वीटही न रचणारे पुढारी हा क्रम उलटा करतात. टीकेचे धनी त्यांनी व्हावे. आकडेमोड पुरी करून तिरुमलाला हात जोडणाऱ्या अभियंत्याने का?

जोतीराव फुल्यांइतका कर्मकांडाचा कडवा टीकाकार महाराष्ट्रात विरळा. 1873 साली सत्यशोधक समाज काढून त्यांनी लग्नातून भट वगळला. मंगलाष्टके मात्र वगळली नाहीत; ती नव्याने रचली, वधूवरांनी एकमेकांशी बोलावे अशी. मध्यस्थ गेला, आरंभ राहिला.

देवाच्या अस्तित्वाचा निकाल लागेपर्यंत थांबायला कारखान्यांना सवड नाही. खंडेनवमीला एखाद्या छोट्या वर्कशॉपात डोकावावे. एरवी दिवसभर घरघरणारा लेथ त्या दिवशी बंद असतो. खाचांत अडकलेला लोखंडाचा कीस झाडला जातो, काळे पडलेले ग्रीस पुसले जाते. वर्षभर ज्याच्याकडे काम उरकण्यापलीकडे कुणी पाहिले नाही, त्या यंत्राचा ढिला बोल्ट, झिजलेला पट्टा नेमका अशा वेळी नजरेला पडतो. नुसत्या हळदकुंकवाने यंत्र चालत नाही, हे तिथल्या कारागिराला कुणी शिकवायला नको. झेंडूचा हार घालण्याआधी त्याने तेल घातलेले असते.